सल्ला देणारे आणि ऐकणारे : शांतता समितीपासून सुरक्षा मंडळापर्यंत

यंदा पोळ्याच्या आधी आपल्या मंडळाकडे एक निरोप आला. शांतता समितीच्या बैठकीला मंडळातर्फे एक माणूस पाठवा, असं त्यात होतं. निरोपाची भाषा हिंदी होती, 'शांति समिति की बैठक', आणि त्यावर आपली चर्चा मराठीत झाली. लोधीखेड्यात हे रोजचंच आहे. थान्यातला कागद हिंदी, घरातलं बोलणं मराठी.

चर्चेत दोन तट पडले. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "काहून जाता बाप्पा? चहा घ्याचा, सही कराची अन् घरी याचं. आपलं आयकते कोन?" दुसरे म्हणाले की आपण गेलो नाही तर आपली खुर्ची तिसराच कुणी धरेल. शेवटी ठरलं की आधी या गोष्टीचा इतिहास पाहू आणि मग निर्णय घेऊ. ते काम माझ्याकडे आलं. मी शिक्षणानं यंत्राचा माणूस, इतिहास नोकरी करता करता शिकलो. म्हणून इथे घटनांच्या जोडीला यंत्रणा कशी चालते तेही पाहिलं आहे. सरकार अंतर्गत सुरक्षेच्या प्रश्नावर बाहेरच्या माणसाचा सल्ला कसा घेतं, त्यासाठी समित्या कशा बांधतं आणि त्या कुठे अडकतात, हे या टिपणात सांगायचं आहे.

आधी एक फरक

कारखान्यात असताना मी बॉयलरजवळ बरीच वर्षं काढली. बॉयलरवर दोन वेगळ्या वस्तू असतात. एक गेज, म्हणजे दाब किती आहे ते दाखवणारा काटा. दुसरी व्हॉल्व्ह, म्हणजे वाफ सोडणारी झडप. गेज वाफ सोडत नाही आणि व्हॉल्व्ह दाब मोजत नाही. सल्लागार समिती हे गेज आहे. कलेक्टर, एसपी, गृहमंत्री यांच्या हातात व्हॉल्व्ह. लोकांची गल्लत इथेच होते. समितीत गेलो म्हणजे हातात व्हॉल्व्ह आला असं काहींना वाटतं. व्हॉल्व्ह हातात नाही तर गेजचा उपयोग काय, असं काहींना वाटतं.

गेजचा उपयोग तेव्हाच, जेव्हा तो बरोबर जागी बसवलेला असतो, कुणीतरी तो वाचतं, आणि वाचलेला आकडा लॉगबुकात लिहिला जातो. या तीन अटी लक्षात ठेवा. पुढचा सगळा इतिहास यांच्यावरच तपासायचा आहे.

१८६१ : सल्ल्याला जागा नव्हती

नागपूरचं भोसल्यांचं राज्य खालसा झालं आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला, राजधानी नागपूर. त्याच वर्षी पोलीस कायदा आला, १८६१ चा पाचवा. तो वाचताना एक गोष्ट डोळ्यात भरते. त्यात गावच्या माणसाला दोन ठिकाणी जागा आहे. कलम १५ प्रमाणे एखादा भाग अशांत ठरला तर तिथे जादा पोलीस ठेवायचे आणि त्यांचा खर्च त्या भागातल्या रहिवाशांकडून वसूल करायचा. कलम १७ प्रमाणे गरज पडली तर रहिवाशांनाच विशेष पोलीस म्हणून नेमायचं, आणि विनाकारण नकार दिला तर पन्नास रुपयांपर्यंत दंड. म्हणजे गावकऱ्यानं पैसे द्यायचे किंवा अंगमेहनत द्यायची. त्याला काय वाटतं हे विचारण्याची सोय कायद्यात नव्हती.

याचा अर्थ विचारतच नव्हते असा नाही. पाटील, मालगुजार, कोतवाल यांच्याकडून साहेब खबर घेतच होते. पण ती खबर होती, सल्ला नव्हता. खबर खालून वर जाते आणि तिथेच संपते. सल्ल्याला उत्तर द्यावं लागतं.

१९०२ मध्ये लॉर्ड कर्झनच्या काळात पोलीस आयोग बसला. त्याचे अध्यक्ष अँड्र्यू फ्रेझर हे आपल्याच मध्य प्रांतात अनेक वर्षं नोकरी केलेले अधिकारी होते. या आयोगानं पोलीस खात्याबद्दल फार कडक लिहिलं: खातं अकार्यक्षम आहे आणि लोक त्याला भ्रष्ट आणि जुलमी समजतात. पण उपाय सुचवले ते खात्याच्या आतले, जसे भरती, पगार, प्रशिक्षण, प्रांतवार गुन्हे अन्वेषण विभाग. लोकांना बरोबर घेऊन धोरण ठरवावं, हा विचार अजून दूर होता.

जबलपूरची दंगल आणि राष्ट्रीय एकात्मता परिषद

स्वातंत्र्यानंतरचा मोठा टप्पा आपल्याच राज्यातून सुरू होतो. १ नोव्हेंबर १९५६ ला नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि सौंसर, पांढुर्णा, लोधीखेडा मध्य प्रदेशात राहिले. त्यानंतर पाच वर्षांच्या आत, फेब्रुवारी १९६१ मध्ये, जबलपूरला मोठी जातीय दंगल झाली. तिचा धक्का दिल्लीपर्यंत गेला. त्याच वर्षी सप्टेंबरअखेर पंडित नेहरूंनी दिल्लीत राष्ट्रीय एकात्मता संमेलन बोलावलं, आणि त्यातून राष्ट्रीय एकात्मता परिषद उभी राहिली. तिची पहिली बैठक १९६२ मध्ये झाली.

परिषदेची कल्पना चांगली होती. पंतप्रधान अध्यक्ष, मुख्यमंत्री, विरोधी पक्षांचे नेते, शिक्षण, उद्योग, पत्रकारिता यांतली माणसं एका खोलीत बसवायची. पण आता हिशोब करा. १९६२ पासून २३ सप्टेंबर २०१३ च्या बैठकीपर्यंत एकूण १६ बैठका झाल्या. ५१ वर्षांत १६, म्हणजे सरासरी तीन वर्षांहून अधिक काळानं एक. मधल्या काळात परिषद कित्येकदा नव्यानं गठित झाली. २०१० मध्ये तर तिचे सभासद दीडशेच्या घरात होते. दीडशे माणसांनी तीन वर्षांतून एकदा पाहायचा काटा कोणत्या बॉयलरला चालेल? आणि २०१३ ची बैठक मुजफ्फरनगरच्या दंगलीनंतर झाली, म्हणजे वाफ आधीच बाहेर पडली होती.

तरी ही परिषद निरुपयोगी होती असं मी म्हणणार नाही. सत्ताधारी आणि विरोधक यांनी एकाच ठरावाखाली नाव देणं, याला वजन असतं. पण ते वजन नैतिक आहे. रोजच्या बंदोबस्ताला लागणारी माहिती तिथून मिळत नाही.

भिवंडी : काटा खाली बसवला

रोजची माहिती कुठून मिळते याचं उदाहरण महाराष्ट्रात आहे. भिवंडीत मे १९७० मध्ये भयंकर दंगल झाली, तिचे पडसाद जळगाव आणि महाडला उमटले. न्यायमूर्ती मादन आयोगानं तिची चौकशी केली. १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा पेटली. शांतता समित्या तेव्हाही होत्या. पण शांतता समितीत साधारण कोण असतं हे आपल्याला ठाऊक आहे: पक्षांचे पुढारी, पैसेवाले, आणि दर उत्सवात पुढे दिसणारी माणसं. त्यातल्या काहींना शांततेपेक्षा खुर्ची प्यारी असते.

१९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी मोहल्ला समित्या बांधल्या. तत्त्व साधं होतं. एक, समिती शहराची नको, मोहल्ल्याची हवी. दोन, दोन्ही समाजांची माणसं एकाच समितीत हवीत, आणि ती पुढारी नव्हे तर साधी माणसं हवीत. तीन, समितीशी पोलिसांचा खालचा माणूस, म्हणजे बीटवरचा हवालदार जोडलेला हवा, कारण गल्ली त्याला माहीत असते. चार, भेटी फक्त सणाच्या आदल्या दिवशी नकोत. नळाचं भांडण, पोरांची मारामारी, शेजाऱ्यांची कुरबुर हे सगळं तिथेच मिटवायचं. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. पूर्वीचा इतिहास पाहता हे कुणाला खरं वाटलं नसतं.

मुंबईनंही पुढे धडा घेतला. १९९४ मध्ये ज्युलिओ रिबेरो, तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी, सुशोभा बर्वे यांच्यासारख्या लोकांच्या पुढाकारानं तिथे मोहल्ला समिती चळवळ उभी राहिली.

भिवंडीची मर्यादाही सांगितली पाहिजे. ही रचना एका अधिकाऱ्याच्या जिद्दीवर उभी होती. अधिकारी बदलला की नवा साहेब जुनं रजिस्टर उघडेलच असं नाही. माणसावर चालणारी गोष्ट नियमावर कशी आणायची, हा प्रश्न इथून पुढे येतो.

रुस्तमजी, धर्मवीर आणि राज्य सुरक्षा आयोग

नियमावर आणण्याचा मोठा प्रयत्न झाला तो १९७७ मध्ये. आणीबाणीत पोलिसांचा वापर कसा झाला हे देशानं पाहिलं होतं. नोव्हेंबर १९७७ मध्ये धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय पोलीस आयोग नेमला गेला. त्याचे एक सभासद होते के. एफ. रुस्तमजी. हे नाव आपल्या भागानं विसरू नये. ते नागपूरजवळच्या कामठीत १९१६ मध्ये जन्मले, मध्य प्रांताच्या पोलिसात नोकरीला लागले, पुढे पंडित नेहरूंचे सुरक्षा अधिकारी झाले, मग मध्य प्रदेशचे पोलीस प्रमुख आणि १९६५ मध्ये सीमा सुरक्षा दलाचे पहिले प्रमुख.

या आयोगानं १९७९ ते १९८१ या काळात आठ अहवाल दिले. १९७९ च्या दुसऱ्या अहवालात एक शिफारस आहे: प्रत्येक राज्यात कायद्यानं राज्य सुरक्षा आयोग असावा. रचना अशी. गृहखात्याचा मंत्री अध्यक्ष. विधिमंडळातले दोघे, त्यात एक सत्ताधारी पक्षाचा आणि एक विरोधी पक्षाचा. आणखी चौघे, निवृत्त न्यायाधीश, निवृत्त ज्येष्ठ अधिकारी, समाजशास्त्राचे जाणकार यांतून, आणि त्यांच्या नेमणुकीला विधिमंडळाची संमती. काम असं की पोलिसांच्या धोरणाची मोठी दिशा ठरवायची, वर्षाच्या कामाचं मूल्यमापन करायचं आणि तो अहवाल विधिमंडळापुढे ठेवायचा. बेकायदा हुकूम पाळायला लावला अशी एखाद्या अधिकाऱ्याची तक्रार असेल तर तीही ऐकायची.

यात माझ्या तिन्ही अटी आहेत. काटा बसवण्याची जागा कायद्यानं ठरलेली. वाचणारे एकाच पक्षाचे नाहीत. आणि लॉगबुक विधिमंडळाच्या टेबलावर.

अहवाल कपाटात गेले. १९९६ मध्ये निवृत्त पोलीस महासंचालक प्रकाश सिंह सर्वोच्च न्यायालयात गेले. निकाल लागला २२ सप्टेंबर २००६ ला, म्हणजे दहा वर्षांनी. न्यायालयानं सात निर्देश दिले, त्यात पहिलाच राज्य सुरक्षा आयोगाचा, आणि या आयोगाच्या शिफारशी राज्य सरकारवर बंधनकारक असाव्यात असंही सांगितलं. पुढे काय झालं? काही राज्यांनी नवे कायदे केले, काहींनी नुसते आदेश काढले. आयोग बरेच ठिकाणी कागदावर आले, पण कुठे विरोधी पक्षनेता वगळला गेला, कुठे शिफारशी 'केवळ सल्ल्यादाखल' ठरल्या. न्यायालयाला गेज आणि व्हॉल्व्ह एका दांड्यानं जोडायचे होते. राज्यांनी दांडा काढून ठेवला.

इथे सरकारची बाजूही समजून घेतली पाहिजे. उद्या दंगल झाली तर जाब मंत्र्याला विचारला जाईल, आयोगाच्या प्राध्यापक सभासदाला नाही. जबाबदारी ज्याची, निर्णय त्याचा, हे लोकशाहीत चुकीचं नाही. म्हणून मला वाटतं की सल्ला बंधनकारक असण्यापेक्षा उत्तर बंधनकारक असावं. 'तुमचा सल्ला या कारणासाठी मानला नाही' असं सरकारनं लिहून द्यावं. एवढं झालं तरी पुष्कळ.

दिल्लीतलं मंडळ

१९९८ च्या नोव्हेंबरात राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली. तिच्या तीन पायऱ्या: वर पंतप्रधान आणि मंत्र्यांची परिषद, मध्ये सचिव आणि सेनाप्रमुखांचा धोरण गट, आणि सरकारबाहेरच्या जाणकारांचं राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार मंडळ. मंडळाचे पहिले निमंत्रक के. सुब्रह्मण्यम. कारगिलनंतर सरकारनं २००० मध्ये चार कार्यदल नेमले, त्यात अंतर्गत सुरक्षेचं एन. एन. व्होरा यांच्याकडे आणि सीमा व्यवस्थापनाचं माधव गोडबोले यांच्याकडे होतं. गोडबोले हे माजी केंद्रीय गृहसचिव. मुंबईवरच्या २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर महाराष्ट्र सरकारनं राम प्रधान यांची समिती नेमली, तेही माजी केंद्रीय गृहसचिव.

या दोन प्रकारांतला फरक ध्यानात घ्या. मंडळ हे कायमचं, कार्यदल किंवा चौकशी समिती ही घटना झाल्यावरची. आपल्याकडे दुसऱ्या प्रकारावर भर जास्त. गाडी रुळावरून घसरली की चौकशी, पण रोज रूळ तपासणारा गँगमन कमी.

बाहेरच्या देशांतही हीच ओढाताण आहे. इंग्लंडात १९८१ च्या ब्रिक्स्टन दंगलीनंतर लॉर्ड स्कारमन यांनी अहवाल दिला, आणि १९८४ च्या कायद्यात स्थानिक लोकांची मतं घेण्याची व्यवस्था पोलिसांना करावी लागली. अमेरिकेत सरकारी सल्लागार समित्यांसाठी १९७२ पासून वेगळा कायदाच आहे: सभासदांत समतोल हवा, बैठका शक्यतो खुल्या हव्यात, आणि मुदत वाढवली नाही तर समिती दोन वर्षांनी आपोआप संपते. ही शेवटची अट मला फार आवडली. आपल्याकडे समिती जन्माला येते, मरत कधीच नाही, फक्त भेटायची थांबते.

आणि आपली गोटमार

आता घराकडे. ५ ऑक्टोबर २०२३ ला पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर आणि पांढुर्णा या तालुक्यांचा. या जिल्ह्याच्या बंदोबस्ताचा सगळ्यात कठीण दिवस कोणता, हे शेंबडं पोरगंही सांगेल. पोळ्याचा दुसरा दिवस. जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात, एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, आणि दिवसभर दगड. शेकडो लोक जखमी होतात, आजवर माणसं गेली आहेत. झेंडा शेवटी चंडीमातेच्या चरणी जातो.

दर वर्षी त्याआधी शांतता समितीची बैठक होते. जमावबंदीचा आदेश निघतो. पूर्वी तो कलम १४४ खाली निघायचा, १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेच्या कलम १६३ खाली. दगडांऐवजी रबराचे चेंडू देण्याचाही प्रयत्न होऊन गेला. लोकांनी चेंडू बाजूला ठेवले आणि दगड उचलले.

चेंडूची गोष्ट सगळे हसून सांगतात. मला ती सल्ल्याच्या पद्धतीची गोष्ट वाटते. नदीकाठच्या घरातल्या आईला, दरवर्षी टाके घालणाऱ्या कंपाउंडरला, दगड मारणाऱ्या पंचविशीतल्या पोराला बैठकीत खुर्ची असती तर चेंडू चालणार नाहीत हे चहा गार व्हायच्या आत कळलं असतं. कदाचित त्यांनी दुसरं काही सुचवलं असतं: खेळ लवकर थांबवायची वेळ, गोफणीवर पहारा, दारूवर आवर. चाललं असतं की नाही ते पुढचं. पण काटा बरोबर जागी असता.

शांतता समिती ही प्रशासनाची प्रथा आहे, तिच्यामागे राज्य सुरक्षा आयोगासारखी कायद्याची चौकट नाही. केंद्राच्या गृहखात्यानं जातीय सलोख्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, २००८ मध्ये त्या सुधारल्या. पण सभासद कोण, मुदत किती, कार्यवृत्त कुणाला मिळणार, हे शेवटी स्थानिक साहेबांवर. काही वर्षांपूर्वी मी अशा एका बैठकीला गेलो होतो. कुठली ते महत्त्वाचं नाही. मिरवणुकीच्या वाटेवरच्या एका अरुंद वळणाबद्दल मी बोललो, साहेबांनी मान डोलावली. वर्षानं परत गेलो तर गेल्या वर्षीच्या रजिस्टरात माझी सही होती, माझं बोलणं नव्हतं. वळणही तसंच होतं. दोष साहेबांचा नाही, ते नवीन होते. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

मग जायचं की नाही?

माझं मत: जायचं. पण चार गोष्टी ठरवून.

एक, मंडळानं दर वर्षी माणूस बदलावा, म्हणजे कुणी 'कायमचा सभासद' होणार नाही. दोन, बोलायचं ते आधी एका पानावर लिहून न्यायचं, हिंदीत, आणि पोच घ्यायची. तीन, बैठकीतून आल्यावर काय बोललं गेलं ते आपल्या दप्तरात तारखेसह नोंदवायचं, आणि सण झाल्यावर पुढे काय झालं ते त्याच पानावर लिहायचं. चार, बाईमाणसाला आणि तरुण पोराला बरोबर न्यायचं. खुर्ची नाही मिळाली तर मागे उभं राहू.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि ती आपलंच काम आहे. इतिहास मंडळाला बंदोबस्त करता येत नाही, धोरण ठरवता येत नाही. पण लॉगबुक ठेवता येतं. साहेब तीन वर्षांनी बदलतील, टीआय त्याहून लवकर. गावात राहणार आपण. दहा वर्षांची अशी पानं जमली, तर येणाऱ्या नव्या साहेबापुढे ठेवायला आपल्याकडे काहीतरी असेल.

ज्येष्ठांना हे वाचून दाखवलं. ते म्हणाले, "चाल, एक साल जाऊन पाहू." यंदाचं पहिलं पान मी लिहायला घेतलं आहे. त्यावर पहिली नोंद त्या अरुंद वळणाचीच आहे.